‘पाणी चालू हाय का?’ : महामारीत वॉटर पार्क उघडण्याचं एक प्रकरण

कराड सोडून कोल्हापूरच्या दिशेनं निघालं की मालखेडच्या पुढं सातारा जिल्हा संपतो आणि कासेगाव, नेर्ले, पेठ नाका अशी सांगलीच्या वाळवा तालुक्यातली गावं लागतात. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच ढाबे, नर्सऱ्या, पेट्रोल पंप. या प्रकरणातला वॉटर पार्क याच पट्ट्यातला. पार्क, त्याचे मालक आबा आणि हिशेब बघणाऱ्या त्यांच्या सूनबाई ही माणसं मी मांडणीच्या सोयीसाठी रचली आहेत, आणि त्यांच्या धंद्याचे आकडेही तसेच गोल धरलेले आहेत. सरकारी आदेश, तारखा आणि बाहेरच्या पार्कांचा तपशील मात्र खरा आहे.

प्रश्न एका ओळीत सांगता येतो. राज्य सरकारनं २२ ऑक्टोबर २०२१ पासून मनोरंजन पार्क उघडायला परवानगी दिली, पण फक्त कोरड्या खेळांना. पाण्यातल्या खेळांवरची बंदी कायम ठेवली. ज्याच्या पाटीवरच ‘वॉटर पार्क’ लिहिलंय त्यानं अशा वेळी काय करायचं?

पार्क कशावर चालतो

आबांचा मूळ धंदा उसाचा. महामार्ग चौपदरी झाल्यावर रस्त्याकडेच्या सात एकरांत काहीतरी करावं म्हणून आधी लग्नाचं लॉन झालं, मग रेस्टॉरंट आणि शेवटी कर्ज काढून पार्क. पाण्याच्या भागात लाटांचा तलाव, चार घसरगुंड्या, रेन डान्स आणि लहान मुलांचा उथळ हौद. कोरड्या भागात आकाशपाळणा, कोलंबस (झुलतं जहाज), ब्रेक डान्स (गरगर फिरणारा पाळणा), डॅशिंग कार आणि झुकझुक गाडी. खरं सांगायचं तर कोरडे खेळ हे अंगावरचे कपडे वाळेपर्यंत वेळ काढायला ठेवलेले. लोक येतात ते पाण्यासाठी.

वर्षाला शंभर रुपये आले असं धरलं तर त्यातले पासष्ट एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यात येतात. वीस येतात डिसेंबर-जानेवारीतल्या शाळांच्या सहलींतून. उरलेले पंधरा बाकीच्या सगळ्या महिन्यांत मिळून. खर्चाला मात्र हंगाम नसतो. बँकेचा हप्ता, विजेचा स्थिर आकार, राखणदार, माळी, राईडची देखभाल हे बाराही महिने चालू.

म्हणून या धंद्यात ‘किती दिवस बंद होतं’ या आकड्याला तसा अर्थ नाही. कोणते दिवस बंद होतं ते बघावं लागतं. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि पहिला उन्हाळा गेला. केंद्रानं १५ ऑक्टोबर २०२० पासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या मनोरंजन पार्कांना मोकळीक दिली, पण राज्याची परवानगी यायला डिसेंबरची अखेर उजाडली. तोवर शाळाच धड भरत नव्हत्या, सहली कुठून येणार! तरी आबा म्हणाले, असू दे, उन्हाळा तर आपलाच आहे. एप्रिल २०२१ च्या पहिल्याच आठवड्यात ‘ब्रेक द चेन’चा आदेश आला आणि वॉटर पार्क, जलतरण तलाव, नाट्यगृहं सगळं पुन्हा बंद. दुसरा उन्हाळाही गेला. जुलैत महापूर आला. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यात निर्बंध सैल झाले तेव्हा जे अकरा जिल्हे कडक निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरावरच राहिले त्यांत सांगली, सातारा आणि कोल्हापूर तिन्ही होते. म्हणजे पार्कचं जवळपास सगळं गिऱ्हाईक त्या यादीत.

रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली होती, ती आबांनी घेतली. व्याज थांबलं नव्हतं, हे त्यांना नंतरच्या खातेउताऱ्यावर कळलं.

बंद पार्कचा खर्च

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पार्क ‘उघडण्या’वर पानंच्या पानं लिहिली गेली, पण बंद पार्क सांभाळणं म्हणजे काय यावर फारसं कुणी बोलत नाही.

बाहेरच्याला वाटतं, कुलूप लावलं की झालं. पण लाटांचा तलाव रिकामा करता येत नाही. पावसाळ्यात भूजल वर येतं आणि रिकाम्या तलावाच्या तळाला खालून रेटा देतं. फरशा फुगतात, सांधे तडकतात. म्हणून तलावात पाणी ठेवावंच लागतं. ठेवलेलं पाणी फिरवलं नाही तर हिरवं पडतं आणि त्यात डास होतात. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्यसेविका दारात येणारच. पहिल्या वर्षी आबांनी गावातल्या विहिरीतले गप्पी मासे आणून सोडले. स्वस्तातला आणि चांगला उपाय. अडचण एवढीच, की एकदा मासे सोडले की क्लोरीन टाकता येत नाही, आणि क्लोरीन नाही म्हटल्यावर शेवाळ आवरत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये परवानगीची बातमी आली तेव्हा तलाव गप्पींनी भरलेला होता.

पंपांचं दुखणं वेगळं. आठवड्यातून थोडा वेळ तरी फिरवले नाहीत तर सील चिकटतात. वाळूच्या फिल्टरमधली वाळू न वापरता पडून राहिली की तिचे गड्डे होतात, मग ती काढून नवी भरायची. घसरगुंड्या फायबरच्या; त्यांच्यावरून पाणी वाहत नसलं की ऊन थेट पृष्ठभागावर बसतं, चकाकी जाते आणि हात फिरवला तर पांढरी भुकटी हाताला लागते. अशा घसरगुंडीवरून पोर घसरलं तर पाठ सोलून निघेल. कोरड्या खेळांत ब्रेक डान्सच्या बेअरिंगला ग्रीस लागतं, आणि डॅशिंग कारच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. दुरुस्ती झाली की तपासणी, तपासणी झाली की दाखला. दाखल्यांच्या मुदती तर कधीच उलटून गेलेल्या.

तेव्हा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी गेट उघडलं, असं होत नाही. कोरडा भाग सुरू करायलाच आबांना दोन आठवडे हवे होते. पाण्याचा भाग म्हटला तर महिना-दीड महिना आणि भांडवल. पाण्याला परवानगी कधी मिळेल हे कुणी सांगत नव्हतं, म्हणजे ते भांडवल कधी घालायचं हेही ठरत नव्हतं.

बाहेर काय चाललं होतं

सूनबाईंनी या दोन आठवड्यांत जगभरच्या पार्कांचं बरंच वाचून काढलं. शांघायचं डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० ला बंद झालं आणि ११ मे ला डिस्नेच्या पार्कांत सगळ्यांत आधी उघडलं. एरवी दिवसाला ८०,००० माणसं सामावणारा तो पार्क. सरकारनं ३० टक्के, म्हणजे २४,००० ची मर्यादा घातली, आणि कंपनीनं सुरुवात त्याहूनही कमी माणसांवर केली. फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम ११ जुलै २०२० ला उघडलं, तेही मिरवणुका आणि आतषबाजी बंद ठेवून, कारण त्यांना गर्दी एका जागी थांबते. कॅलिफोर्नियातलं मूळ डिस्नेलँड मात्र ३० एप्रिल २०२१ पर्यंत बंदच होतं, आणि उघडलं तेव्हा आधी फक्त त्याच राज्यातल्या रहिवाशांना. जपानमध्ये पार्क चालकांनी लोकांना ओरडू नका म्हणून सांगितलं; फुजी-क्यू हायलँडनं तर रोलर कोस्टरवर मनातल्या मनात किंचाळा असा सल्ला दिला. हे आबांना सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते. ‘‘आपल्याकडं कोलंबस हाललं की बायकाच न्हाय, बाप्येपण आईचा धावा करत्यात. त्यास्नी कोण गप करणार?’’

पण त्यांना खरं खटकलं ते हाँगकाँग. तिथलं डिस्नेलँड १८ जून २०२० ला उघडलं आणि महिन्याच्या आत, १५ जुलैला पुन्हा बंद झालं. उघडायला खर्च करायचा, माणसं परत बोलवायची आणि मग पुन्हा कुलूप. आबांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये नेमकं हेच सोसलं होतं.

सूनबाईंनी डिस्नेकडून एक गोष्ट उचलायचं ठरवलं होतं: तारखेप्रमाणे आधी नोंदणी. तीच इथं बसली नाही. पेठ नाक्यावरच्या पार्कला गिऱ्हाईक येतं ते क्रूझर भरून. मामा, मावशी, आत्या, शेजारची दोन पोरं, आणि गेटवर पहिलं वाक्य असतं, ‘‘आमी अठराजण हाय, काय कमी करता का?’’ यात नोंदणी कुठं करायची? शेवटी नोंदणीऐवजी सकाळ आणि दुपार असे दोन रंगांचे मनगटी पट्टे निघाले आणि दुपारी एक ते दोन पार्क रिकामा ठेवायचं ठरलं. ज्या धंद्यात लोक दिवसभराचे पैसे देतात तिथं हे अवघड असतं, पण कोरड्या खेळांना कुणी दिवसभर थांबणारही नव्हतं.

क्षमता म्हणजे कुणाची क्षमता?

नियमांची भाषा नेहमी टक्क्यांत असते. सिनेमागृहात पन्नास टक्के म्हटलं की खुर्च्या मोजता येतात. सात एकर मोकळ्या जागेची पन्नास टक्के क्षमता कशी काढायची? जमिनीवर मोजली तर आबांच्या पार्कात दोन हजार माणसंसुद्धा विरळ दिसतील. पण पार्कात माणसं जमिनीवर पसरून उभी नसतात. ती तीन ठिकाणी दाटतात: रांगेत, कपडे बदलायच्या खोल्यांत आणि जेवणाच्या वेळी.

कोलंबसचं गणित घेऊ. बत्तीस जागा, तासाला दहा फेऱ्या, म्हणजे तीनशे वीस माणसं. एक सोडून एक ओळ रिकामी ठेवली की सोळा जागा. दोन फेऱ्यांमध्ये दांड्या पुसायच्या आणि ऑपरेटरनं प्रत्येकाचा लॉक बार हातानं ओढून बघायचा (हे महामारीतही टाळता येत नाही, टाळूही नये), तर तासाला सातच फेऱ्या होतात. सोळा गुणिले सात, एकशे बारा. गेटवर निम्मी माणसं आत घेतली आणि खेळाची क्षमता एक तृतीयांशावर आली. उरलेली माणसं कुठं जाणार? रांगेत. म्हणजे गर्दी कमी करायला केलेला नियम नेमकी रांग लांबवतो. आकाशपाळण्याला हा त्रास नाही. एका पाळण्यात एक कुटुंब बसतं, वारा वाहता असतो. डॅशिंग कारला स्टिअरिंग पुसण्यापलीकडं काही नाही. कोलंबस आणि ब्रेक डान्स हे दोन खेळ बंद ठेवले तर पन्नास टक्क्यांचा नियम आपोआप पाळला जातो. पण तेच दोन खेळ तरुण पोरांना हवे असतात.

सूनबाईंचा हिशेब असा होता: गेटवर किती माणसं आली यापेक्षा कोणत्याही रांगेत किती माणसं उभी आहेत ते मोजा. कोलंबसच्या रांगेत तीसच्या वर माणसं झाली की शिट्टी आणि रांग बंद. मला हा संपूर्ण प्रकरणातला सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. कुठल्याही आदेशात तो नव्हता.

पाण्यावरची बंदी

आता थोडं पाण्याविषयी, कारण आबांची तक्रार इथं होती आणि ती निराधार नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं होतं की लिटरला दीड मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आणि ७ ते ७.२ सामू (पीएच) असलेल्या तलावाच्या पाण्यात कोरोनाचा विषाणू तीस सेकंदांत निष्प्रभ होतो. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये मनोरंजन पार्कांसाठी काढलेल्या कार्यपद्धतीतही पाण्याच्या खेळांसाठी नियमित गाळण आणि क्लोरीन सांगितलं होतं. मग कोरडा ब्रेक डान्स चालतो आणि क्लोरीनचा तलाव का चालत नाही?

माझं मत सरकारच्या बाजूनं झुकतं, पण विज्ञानामुळं नाही. पाण्यात मास्क लावता येत नाही, आणि लाटा सुरू झाल्या की लोक एका ठिकाणी दाटीनं उभे राहतात, ओरडतात. धोका पाण्यात नव्हता, पाण्याच्या वर एक फुटावर होता. शिवाय भाड्याच्या पोशाखाची खिडकी, लॉकरच्या किल्ल्या, ओल्या, कोंदट, खिडक्या नसलेल्या खोल्या. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे तपासणी: क्लोरीन दीड मिलिग्रॅम आहे की अर्धा, हे प्रत्येक पार्कात रोज कोण बघणार? तालुक्याच्या यंत्रणेला लसीकरणातून डोकं वर काढायला सवड नव्हती. सरसकट बंदी राबवणं सोपं असतं. ज्याचा पार्क त्या बंदीत बुडतो त्याला हे पटवणं सोपं नाही.

लहान मुलांचा मुद्दा वेगळाच होता. २१ ऑक्टोबर २०२१ ला देशानं लसीच्या शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला, आणि दुसऱ्याच दिवसापासून पार्क उघडायचे होते. पण पार्कचं मुख्य गिऱ्हाईक अठरा वर्षांखालचं, आणि त्यांना तोवर लसच नव्हती. पंधरा ते अठरा वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं.

निर्णय

घरात तीन पर्याय चर्चेला आले. पहिला, पाण्याला परवानगी मिळेपर्यंत बंदच ठेवायचं. दुसरा, फक्त रेस्टॉरंट आणि लॉन चालवायचं, थंडीत हुरडा पार्टी करायची. तिसरा, कोरडा पार्क निम्म्या तिकिटावर दिवाळीत उघडायचा.

आबा पहिल्याच्या बाजूनं होते. वॉटर पार्कमध्ये पाणी नाही हे एकदा गिऱ्हाइकानं बघितलं की ते चार गावांत सांगतं, असं त्यांचं म्हणणं. सूनबाई तिसऱ्याच्या. ‘‘आबा, मालाच्या भावानं न्हाय तर माणसांच्या भावानं बघा. आपले दोन ऑपरेटर शिरवळला कंपनीत लागलेत. आता बोलावलं न्हाय तर उन्हाळ्यात मिळायचे न्हाईत.’’ या मुद्द्यावर आबा बधले. राईड चालवणारा माणूस भरती करून आठ दिवसांत तयार होत नाही. यंत्राचा नेहमीचा आवाज कोणता आणि बिघडायच्या आधीचा कोणता, हे कानाला कळायला एक हंगाम जावा लागतो.

५ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला गेट उघडलं. पाटीवरच्या ‘वॉटर’ शब्दावर फ्लेक्स लावला: ‘सध्या फक्त कोरडे खेळ’. तरी गेटवर दिवसभर एकच प्रश्न: ‘‘पाणी चालू हाय का?’’ नाही म्हटल्यावर काही गाड्या तिथूनच वळायच्या. ज्या आत आल्या त्यांतल्या बहुतेकांनी आकाशपाळण्यात बसून, मिसळ खाऊन दोन तासांत पाय काढला. भाऊबीजेला मात्र दुपारचे पट्टे संपले.

मग सहलींचा हंगाम आला आणि आला तसाच गेला. ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरपासून भरत होते, पण सहलीचं नाव काढायची मुख्याध्यापकांची तयारी नव्हती. त्यात ऑक्टोबरच्या अखेरीपासून एसटीचा संप. शाळेची सहल म्हणजे लाल गाडी. ती आगारातच उभी. पार्कनं कितीही सॅनिटायझर ठेवलं असतं तरी हे दोन्ही दरवाजे त्याच्या हातातले नव्हते. कार्यपद्धतीच्या कागदांत गेटच्या आतलं सगळं असतं, गेटपर्यंत माणूस कसा येतो हे नसतं.

जानेवारीत ओमायक्रॉन आला. ८ जानेवारी २०२२ च्या आदेशानं १० तारखेपासून मनोरंजन पार्क, प्राणिसंग्रहालयं, किल्ले, जलतरण तलाव पुन्हा बंद. आबांनी हाँगकाँगची आठवण करून दिली. सूनबाईंनी ऑपरेटरांना निम्म्या पगारावर ठेवून घेतलं आणि त्यांच्याकडून गप्पी पकडून गावच्या विहिरीत परत सोडून घेतले, फिल्टरची वाळू बदलून घेतली, घसरगुंड्या पॉलिश करून घेतल्या. तेव्हा पाण्याला परवानगी नव्हती. हा सगळा खर्च अंदाजावर होता.

अंदाज बरोबर ठरला. मार्चच्या सुरुवातीला राज्यानं लसीची पहिली मात्रा ९० टक्के आणि दुसरी ७० टक्के झालेले, संसर्गाचं प्रमाण कमी असलेले चौदा जिल्हे निवडून ४ मार्चपासून पूर्ण क्षमतेला मुभा दिली. त्यांत सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही होते. १ एप्रिलपासून उरलेले निर्बंधही गेले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. लाटांचा तलाव दोन वर्षांनी त्या दिवशी सुरू झाला, आणि तयार ऑपरेटर होते म्हणून सगळे खेळ पहिल्याच दिवसापासून चालले.

हिशेब मिटलेला नाही

दिवाळी ते जानेवारी या दोन महिन्यांत कोरडा पार्क तोट्यात चालला. उत्पन्नातून वीज आणि मजुरी निघाली. दुरुस्ती आणि दाखल्यांचा खर्च अंगावर पडला. आबांच्या वहीत तो ‘दिवाळीचं नुकसान’ म्हणून लिहिलेला आहे. सूनबाईंच्या संगणकावर तीच रक्कम ‘उन्हाळा २०२२, पूर्वतयारी’ या खात्यावर आहे. लेखापालानं दोघांना सांगितलं की आयकराला दोन्ही चालतं. आबांचा आक्षेप असा, की ऑपरेटर घरी बसवून निम्मा पगार दिला असता तरी राहिलेच असते, त्यासाठी गेट उघडायची गरज नव्हती. सूनबाई म्हणतात, यंत्र न फिरवता ऑपरेटर राहील, पण यंत्र राहणार नाही. आणि ब्रेक डान्सच्या बेअरिंगचा आवाज नोव्हेंबरात कळला म्हणून तो एप्रिलच्या गर्दीत बंद पडला नाही. पुढच्या ऑक्टोबरला विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हा वाद पुन्हा निघाला, कारण विमा कंपनीला राईड वर्षात किती दिवस चालल्या याची नोंद हवी होती, आणि ती नोंद फक्त त्या दोन महिन्यांची नीट ठेवलेली होती.